दोन अब्ज वर्षांचा दगड आणि वाटीभर तेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचा कणा असलेले माननीय अनिलराव टिपणीस. व्यासपीठावर हातात तबक घेऊन बसलेल्या, आपल्या सर्वांच्या सुलभामावशी. ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या सत्कारमूर्ती डॉक्टर नीलांबरीताई सबनीस. वर खुर्ची राखून ठेवलेली असताना हट्टानं खाली, पहिल्या रांगेच्या टोकाला जाऊन बसलेले त्यांचे यजमान डॉक्टर हेमचंद्र सबनीस. आपल्या मिशिगनमधल्या या ट्रॉय गावातले आणि आसपासच्या गावांतून बर्फ तुडवत आलेले बंधू-भगिनी. आणि शेवटच्या रांगेत फोनवर फुटबॉल बघणारे माझे तरुण मित्र. मित्रांनो, तुम्ही आवाज अगदी बारीक केलाय, पण मला ऐकू येतोय. सगळ्यांना प्रताप शेलारचा नमस्कार.

मला बोलायला का उभं केलं, हा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आहे. मनात काय, आत्ता तिसऱ्या रांगेत कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सायन्टिस्टच्या सेंड-ऑफला ओटेवाला?" खरं आहे हो. मी ओटेवाला. या हॉलमधल्या निम्म्या घरांतले स्वयंपाकाचे ओटे माझ्या दुकानात कापले गेलेत. वडील साताऱ्याकडे पाथरवट होते. मी खडीच्या क्रशरवर वाढलो. तिथे दोनच प्रकारची माणसं तयार होतात, बहिरी किंवा तिखट कानाची. मला देवानं दुसऱ्या रांगेत उभं केलं. मेहुण्यानं अमेरिकेत बोलावलं, मोटेलच्या बाथरूममध्ये गुडघ्यावर बसून फरशा लावल्या, आणि आज इंडस्ट्रियल रोडवर आपल्या नावाची पाटी आहे. शिक्षण म्हणाल तर दगडाला टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. टणत्कार आला तर दगड अखंड. बद्द आवाज आला तर आत भेग. बस, एवढंच.

आणि दगडाबद्दल एक गोष्ट मी या गावात घरोघर सांगत आलो. वहिनी, पांढरा संगमरवर घेऊ नका. आपली हळद त्याला सोसत नाही. पण ऐकतंय कोण? "मासिकात तसाच आहे, तसाच पाहिजे." मग वास्तुशांतीला फोन, "प्रतापभाऊ, पिवळा डाग पडलाय, काही करता येईल का?" काही करता येत नाही वहिनी. दगड पिऊन घेतो. आपल्याला वाटतं दगड म्हणजे ज्याला काही लागत नाही असा. अहो, त्याच्याइतकं लावून घेणारं कुणी नाही.

नीलांबरीताईंचं सगळं आयुष्य या एका वाक्यात आहे. हे मला फार उशिरा कळलं.

त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं गिऱ्हाईक. मी आपला अगत्यानं पुढे झालो. "या ताई, चहा घेणार?"

"नको. तुम्ही केसांना काय लावता?"

आता पहिल्या भेटीत बाईमाणसानं असं विचारल्यावर काय उत्तर द्यायचं? म्हटलं, "खोबरेल."

"मग दोन पावलं मागे सरा."

सरलो. त्यांनी पिशवीतून एक दगड काढला, तोही हातमोजे घालून, जसं काही तान्हं बाळ. म्हणाल्या, हा मधोमध कापून द्या, पण पात्यावर साबणाचं पाणी सोडायचं नाही, माझं पाणी वापरायचं. कॅन भरून स्वतःचं पाणी आणलं होतं! मी म्हटलं, ताई, सोवळं फार कडक दिसतंय तुमचं. तर हसल्या. म्हणाल्या, "हो. देवापेक्षा कडक."

या सोवळ्याची आपल्या मंडळानं किती टिंगल केली, ते मी या कानांनी ऐकलंय. नीलांबरीताई हळदीकुंकवाला येत नाहीत. गजरा घेत नाहीत. संक्रांतीला तिळगूळ कागदात गुंडाळून नेतात. अत्तरदाणी आली की उठून जातात. "शिष्ट आहे." "पीएचडीचा माज आहे." त्यांच्याच साठीच्या समारंभात सुलभामावशी निरांजन घेऊन ओवाळायला पुढे झाल्या तर ही बाई खुर्ची सारून मागे झाली. मावशींचा हात तसाच हवेत राहिला. आठवतंय ना? त्या रात्री पार्किंग लॉटमध्ये जे बोललं गेलं ते मी इथे सांगणार नाही. बोलणारे इथेच बसलेत.

मी एकदा विचारलंच. म्हटलं, ताई, निरांजनानं काय होतं? तेव्हा त्यांनी माझ्याच ओट्यावर बसून मला जे समजावलं ते माझ्या अडाणी भाषेत तुम्हाला सांगतो. चुकलं तर त्या इथे आहेत.

जीव मेला की कुजतो, त्याचं काही उरत नाही. पण कधी कधी त्याच्याभोवती दगड तयार होत असतो. गरम झऱ्याच्या पाण्यातली गारगोटी, जी आधी कपड्याच्या खळीसारखी असते आणि मग घट्ट होते. चिकणमाती, जिचे थर चिरोट्यासारखे एकावर एक. जिप्सम, मीठ, लोखंडाचा गंज. यांतलं काही त्या मेलेल्या जिवाला कवेत घेतं आणि दार लावून टाकतं. हाडं नाहीत, आकारही नाही. उरते ती नुसती रसायनं. त्यातही सगळ्यात चिवट काय, तर चरबी, स्निग्ध पदार्थ. कोट्यवधी वर्षांनी दगड फोडला तर तिचे तुटलेमुटले अवशेष अजून आत असू शकतात, की इथे कुणीतरी जगून गेलं.

आपली पृथ्वी मात्र दगड टिकू देत नाही. भाजते, दुमडते, पोटात ओढून घेते. मंगळावर तसं होत नाही. तिथले जुने दगड जागच्या जागी पडून आहेत. पाणी होतं तेव्हाचे. म्हणजे तिथे जर कधी साधा जंतू जगला असेल, तर त्याची खूण अशाच एखाद्या थरात बंद असेल. पण वर पडणारे किरण तीही हळूहळू मोडत असतात. मग ती मोडलेली खूण ओळखायची कशी? आधी पृथ्वीवरचा अतिशय जुना, अतिशय स्वच्छ दगड घ्यायचा, आणि बघायचं की कोणत्या खनिजात, किती काळानं, काय शिल्लक राहतं. ही एवढी बाराखडी तयार केली तर उद्या तिकडचा दगड कुणाला वाचता येईल. ताईंनी पंचवीस-तीस वर्षं हे केलं, बाराखडी लिहिली.

आणि निरांजन? काजळीत कडीला कडी जोडलेली जी रसायनं असतात, तशीच उल्कांमध्येही सापडतात. तेल म्हणजे तर साक्षात चरबी. बाईच्या पदराला निरांजनाची काजळी बसली आणि तो पदर प्रयोगशाळेत गेला, तर दगडात जे सापडेल ते कुणाचं? प्राचीन जंतूचं की सुलभामावशींच्या वातीचं? ताई म्हणाल्या, या शास्त्रात अशा फजित्या झाल्यात. खोदायच्या यंत्राचं वंगण दगडाला लागलं आणि विद्वानांनी ते अब्जावधी वर्षांपूर्वीचं जीवन समजून डोक्यावर घेतलं.

म्हणून ही बाई तुमच्या दिव्यापासून मागे सरत होती. माजानं नव्हे. तिला पुढच्या दिवशी कामाला जायचं होतं.

आता त्या पेटीबद्दल सांगतो. पाणी पितो जरा.

आपल्या मिशिगनच्या वरच्या अंगाला, सुपीरियर सरोवराकाठी लोखंडाच्या खाणी आहेत. डेट्रॉइटच्या मोटारी त्याच लोखंडावर उभ्या राहिल्या आणि त्या मोटारींवर तुमचे-आमचे संसार. ते लोखंड जिथे साचलं तिथेच गारगोटीचेही थर साचले, जवळजवळ दोन अब्ज वर्षांपूर्वी. तिथे एक कंपनी खोलवर भोक पाडत होती. ताईंनी त्यांच्या हातापाया पडून एका तुकड्यापुरतं ते आपल्या पद्धतीनं पाडून घेतलं. वंगण नाही, स्वच्छ पाणी. उसाच्या कांड्यांसारख्या दगडाच्या कांड्या निघाल्या. भट्टीत भाजून निर्मळ केलेल्या चांदीसारख्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवल्या. पुढे ते भोक बुजवलं. तशा कांड्या पुन्हा मिळणार नव्हत्या. इतर सगळे दगड म्हणजे सराव. अखेरची परीक्षा या पेटीवर होती.

आणि मग प्रकल्पाचा निधी थांबला. या वर्षी कुणाकुणाचं काय काय थांबलं ते या हॉलला मी सांगायला नको. प्रयोगशाळा रिकामी करा म्हणाले. यंत्रं उचलली गेली, मुलं पांगली. ताई माझ्याकडे आल्या. "प्रताप, तुझ्याकडे एक कुलपाचं कपाट आहे ना?" जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं ती पेटी घ्यायचं आणि काम पुरं करायचं कबूल केलं होतं. अट एकच. पेटी उघडलेली नसावी. दसरा झाला की त्यांचा माणूस येणार होता. तोवर माझ्याकडे.

यापुढचं सांगू की नको, याची मी डॉक्टरसाहेबांना परवानगी विचारली. ते म्हणाले, "सांग. तू नाही सांगितलंस तर मी उठून सांगेन, आणि मला ते जमणार नाही." म्हणून सांगतो.

तुम्हाला ठाऊक आहे, खंडेनवमीला माझ्या दुकानात पूजा असते. पाती, हातोड्या, पॉलिशची यंत्रं, सगळी मांडतो. किल्ल्यासुद्धा तबकात. झेंडू माझे मेक्सिकन कामगार आणतात, त्यांना तो त्यांच्या पितरांच्या सणाला लागतो, त्यांच्या अंगणात भरपूर. डॉक्टरसाहेब दर वर्षी येतात. त्यांच्या घरीही खंडेनवमीला त्यांचा स्टेथोस्कोप पाटावर बसायचा, त्याला हळदकुंकू, त्याच्यापुढे नारळ. ताईंच्या हत्यारांची पूजा कधी नाही. ताई करूच देत नव्हत्या. पार्ट्यांमध्ये डॉक्टरांचा ठरलेला विनोद तुम्ही ऐकलाय, "आमच्या घरी सवत उलटी आहे. माझ्या नशिबी दगड सवत म्हणून आला." आपण हसायचो. ताईसुद्धा हसायच्या.

या वर्षी डॉक्टर हसत नव्हते. बायकोला खोकी भरताना रोज बघत होते. त्यांच्या मनात आलं, की उभ्या जन्मात हिच्या कामाला मी एक फूल वाहिलं नाही, आणि आता तर ते काम जातंय, मग सोवळं तरी कशासाठी. त्यात वाईट काय आलं मनात? मला सांगा, तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नसतं?

आम्ही बाहेर पंगत वाढत होतो. त्यांनी तबकातली किल्ली घेतली. कपाट उघडलं. पेटी उघडली. तो कागद सोडवला. कांड्या एकेक करून पाटावर मांडल्या. आपल्याकडे दगडाच्या देवाला काय करतात? तेल लावतात. घरून वाटी आणली होती. एकेका कांडीला बोटांनी तेल चोळलं, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या, निरांजन लावलं. दगडाला तेल लागलं की तो कसा काळाभोर, तुकतुकीत दिसतो, तुम्ही बघितलंय. देखणा दिसत होता हो. मी दारातनं बघितलं आणि आत धावणार, तोवर मागून ताई आल्या.

डॉक्टरांचा चेहरा लग्नातल्यासारखा फुललेला. "नीला, बघ! आज तुझी शस्त्रं!"

ताई दारातच उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. मी त्या घराला ओळखतो, ती बाई मिठाच्या चमच्यावरून ओरडते. तेव्हा ओरडल्या नाहीत. हळूच विचारलं, "तेल कोणतं?"

"तिळाचं. का गं?"

"हातांना आणखी काय होतं?"

डॉक्टर म्हणाले, "काही नाही, सकाळचं मलम..." आणि थांबले. डॉक्टरच ते. जन्मभर हात धुऊन ऑपरेशनला उभे राहिलेले. त्यांनी आपल्या दहा बोटांकडे बघितलं. तो बघण्याचा क्षण मला सहन झाला नाही, मी पंगतीकडे बघत राहिलो. तिकडे कुणीतरी आणखी जिलबी मागत होतं.

ताई एका उपड्या बादलीवर बसल्या. मी म्हटलं, ताई, माझ्याकडे हिऱ्याचं पातं आहे. वरची साल काढून टाकतो. आतला दगड तर स्वच्छ असेल! त्या म्हणाल्या, "टिचकी मारून बघ." मला कळलं त्या काय विचारतायत. दगड अखंड असेल तर तेल वरच राहील. भेग असेल तर आत गेलं असेल.

मारली. पहिली कांडी बद्द. दुसरी बद्द. मी कान लावून, श्वास धरून एकेक वाजवत गेलो. मंडळी, मी ओटे विकताना थोडंफार खोटं बोललेला माणूस आहे. "वहिनी, हा रंग तुमच्यासाठीच खाणीतून निघालाय" वगैरे. त्या दिवशी एकदा, फक्त एकदा, "ही वाजली" म्हणायची मला फार इच्छा झाली. पण ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. दोन अब्ज वर्षं जमिनीखाली काढलेल्या दगडाला भेग नसेल तर मग कुणाला नसेल? एकही वाजली नाही.

मी शेवटचा उपाय सांगितला. म्हटलं, जर्मनीवाल्यांना सांगूच नका. पुसून, गुंडाळून देऊ. त्या म्हणाल्या, "मग तिथे तिळाचं तेल सापडेल, प्रताप. कुणीतरी त्याला जीवन म्हणेल आणि उद्या मंगळाचा दगड त्याच्याशी ताडून बघेल. माझी एवढी वर्षं लोकांना हेच सांगण्यात गेली की चुकीची खूण ही नसलेल्या खुणेपेक्षा वाईट." त्यांनी त्याच दिवशी सगळं खरं कळवलं. उत्तर अतिशय नम्र आलं. इतकी नम्रता फक्त नकारालाच लागते.

तर अशी हकिगत आहे. आता तुम्ही म्हणाल, प्रताप, निरोपाच्या दिवशी हे कशाला? आपण शाल द्यावी, श्रीफळ द्यावं, "आता मायदेशी, नाशिकला जाऊन आराम करा" म्हणावं. आल्यापासून ऐकतोय. "दगडच ना, दुसरे आणतील." "सुटल्या एकदाच्या." कार्यकारिणीतल्या एका सद्गृहस्थांनी तर मला सुचवलं की त्या कांड्या आता निकामीच आहेत, तर त्यातली एक पॉलिश करून सन्मानचिन्ह बनवू, वर मंडळाचं नाव कोरू. मी नाव घेत नाही. अनिलराव, तुम्ही खाली बघू नका.

मीसुद्धा शहाणपणा केलाच. परवा ताई त्या कपाटाची किल्ली मागायला नव्हे, नुसत्या बसायला दुकानात आल्या होत्या. मी म्हटलं, ताई, एका परीनं बघा, आता त्या दगडात आपली खूण राहिली. डॉक्टरांचा हात, खंडेनवमी, घरचं तेल. कोट्यवधी वर्षांनी कुणी फोडला तर त्याला कळेल की इथे कुणीतरी कुणावर माया केली होती. मला वाटलं फार छान बोललो.

ताई म्हणाल्या, "वाचणारं कुणी उरलं नाही, तर खूण आणि डाग यांत फरक काय रे?"

मी त्या वाक्याला रोज टिचकी मारून बघतो. अखंड आहे. मला त्यात शिरायला भेग सापडत नाही. बाराखडी लिहिली, पण शाळाच बंद झाली. शिकवलेली मुलं कुणी बँकेत, कुणी जाहिरातींच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिकडचे दगड इकडे येणार की नाही, आले तर कुणाच्या हातात पडणार, ठाऊक नाही. मी तुम्हाला यातून काहीतरी चांगलं निघेल असं सांगणार नाही. मला तसं ऐकू येत नाही, आणि कान हेच माझं भांडवल आहे.

एवढंच सांगतो की त्या दोघांचं बोलणं थांबलेलं नाही. गाडीत बसताना डॉक्टर म्हणत होते, "नीला, मी वर कसा बसू?" आणि ताई म्हणत होत्या, "मग खाली बसा. पण मला दिसाल असे बसा." म्हणून ते टोकाला बसलेत. यापेक्षा जास्त मी ऐकलं नाही, किंवा ऐकलं असेल तर सांगणार नाही.

आता आवरतो. मंडळानं मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदाच बघितलं, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी वडे माझ्यासाठी अडवून धरले, सगळ्यांचा ऋणी आहे. डॉक्टरसाहेबांचा सगळ्यात जास्त. पाथरवटाच्या पोराची भाषा आहे, घाव कुठे वेडावाकडा बसला असेल, कुणाची कपची उडाली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

एक राहिलं. मघाशी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सुलभामावशींनी ताईंना भीत भीत विचारलं, "नीलांबरी, आज तरी ओवाळू का गं?" मी मागेच होतो. ताई खुर्ची सारून मागे सरल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "ओवाळा मावशी. आता काही हरकत नाही."

मावशी, निरांजन लावा.